कल मोजण्यापूर्वी: आदिवासी विद्यार्थी आणि सहा प्रकारांची चाचणी

यंदा आमच्या दहावीच्या वर्गाला समुपदेशक मॅडमनी एक आवड-चाचणी दिली. प्रत्येक ओळीत एक काम लिहिलेले आणि समोर ‘आवडेल’ व ‘आवडणार नाही’ असे दोन चौकोन. आठवड्याने निकाल आला. माझ्या आलेखात दोन खांब उंच होते, बाकीचे बुटके. डॉर्मिटरीत माझ्या शेजारच्या कॉटवर झोपणाऱ्या मित्राचा आलेख मात्र सपाट होता. सहाही खांब जवळजवळ सारखे, आणि सगळेच बुटके. तो झारखंडमधल्या गुमला जिल्ह्यातला उराँव आदिवासी. त्याने कागद दुमडून ट्रंकेत टाकला आणि एवढेच म्हणाला, “मतलब मुझे कुछ पसंद ही नहीं.”

मित्रांनो, हा लेख त्या सपाट आलेखाबद्दल आहे. अकरावीला कोणती शाखा घ्यायची हे ठरवताना असल्या कागदाकडे बघितले जाते, म्हणून तो नीट वाचता आला पाहिजे.

चाचणीमागचा सिद्धांत जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा. आपल्यासारख्यांना जवळची वाटेल अशी गोष्ट म्हणजे त्याचे बीज सैन्यात पडले. 1942 ते 1946 या काळात हॉलंड अमेरिकी सैन्यात होते. नव्याने भरती झालेल्यांच्या मुलाखती घेऊन त्यांची माहिती नोंदवणे हे त्यांच्या कामांपैकी एक. एकामागून एक जवानांच्या हकिकती ऐकताना त्यांच्या लक्षात आले की माणसे कितीही वेगळी दिसली तरी त्यांची कामाची ओढ थोड्याच साच्यांत बसते. 1959 साली त्यांनी हा विचार शास्त्रीय लेखात मांडला. पुढे त्यावर चाचण्या तयार झाल्या आणि जगभर पसरल्या.

साचे सहा आहेत. मराठीत मी त्यांना अशी नावे दिली आहेत. कृतिशील, म्हणजे अवजारे, यंत्रे, जनावरे, शेत यांत रमणारा. शोधक, म्हणजे ‘हे असे का’ म्हणून मागे लागणारा. कलाप्रिय. समाजशील, म्हणजे शिकवणारा, शुश्रूषा करणारा, समजूत घालणारा. उद्यमी, म्हणजे विकणारा, पटवणारा, पुढारीपण करणारा. आणि व्यवस्थाप्रिय, म्हणजे हिशेब, नोंदी, यादी यांत ज्याला समाधान मिळते तो. हॉलंड हे सहा प्रकार याच क्रमाने षटकोनाच्या सहा टोकांवर मांडतात. शेजारचे प्रकार एकमेकांसारखे, समोरासमोरचे सर्वांत वेगळे. कोणीही एकाच प्रकारचा नसतो, म्हणून सर्वांत उंच तीन खांब घेऊन तीन अक्षरी संकेत तयार करतात आणि तो निरनिराळ्या व्यवसायांच्या संकेतांशी ताडून पाहतात.

मग सपाट आलेखाचा अर्थ काय? खांब सगळेच उंच असतील तर मुलाला खूप गोष्टी आवडतात. सगळेच बुटके असतील तर साधारणपणे असे समजतात की त्याने अजून पुरेसे काही करून पाहिलेले नाही. आमच्या मॅडमना हे पटले नाही. त्यांनी मित्राला बोलावून प्रत्येक ‘नाही’वर बोट ठेवले आणि विचारले, का? तेव्हा कळले की ‘आवडेल’ याचा अर्थ त्याने ‘मी हे केले आहे आणि मला आवडले’ असा घेतला होता. मोटारीचे इंजिन खोलणे: केलेले नाही, म्हणून नाही. नाटकात भूमिका करणे: नाही. संग्रहालयाला भेट देणे: नाही. कार्यालयात हिशेबाची वही ठेवणे: कार्यालय आतून पाहिलेलेच नाही, म्हणून नाही. तो प्रामाणिकपणे उत्तरे देत गेला आणि प्रामाणिकपणाचा दंड म्हणून सपाट झाला. मी स्वतः कितीतरी कामे न करताच ‘आवडेल’ म्हणून टाकले होते, कारण ती टीव्हीवर आणि नात्यातल्या कोणा ना कोणाकडे पाहिलेली होती.

हा घोटाळा नवा नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने भरतीसाठी दोन चाचण्या काढल्या होत्या, आर्मी अल्फा आणि आर्मी बीटा. ज्यांना वाचता येत नव्हते किंवा इंग्रजी येत नव्हते त्यांच्यासाठी बीटा. तिच्यात शब्दांऐवजी चित्रे होती. चित्रातला राहिलेला भाग ओळखून काढायचा. आता ती चित्रे कशाची, तर टेनिसचे कोर्ट ज्यात जाळी नाही, ग्रामोफोन ज्याला कर्णा नाही. ज्याने आयुष्यात टेनिस पाहिलेला नाही तो जाळी कुठून काढणार? त्याला कमी गुण मिळाले आणि त्याची बुद्धी कमी असल्याचे लिहिले गेले. भाषा काढून टाकली म्हणजे चाचणी सर्वांना सारखी होते असे चाचणी करणाऱ्यांना वाटले होते. आमच्या आवड-चाचणीतही असाच प्रकार झाला, फक्त बुद्धीच्या जागी आवड आली.

त्यानंतरचे दोन रविवार मॅडमनी मित्राला आणि मला एक काम दिले. फॉर्म बाजूला ठेवायचा, त्याने सुट्टीत घरी काय काय केले ते सांगायचे आणि मी ते सहा मथळ्यांखाली लिहायचे. मला वाटले होते अर्ध्या तासात संपेल.

त्याने लाखेपासून सुरुवात केली. आपण पार्सलवर सील करायला वापरतो ती लाख एका बारीक किड्यापासून मिळते. झारखंड हे लाखेच्या उत्पादनात देशातले आघाडीचे राज्य. हा किडा पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर रस शोषत बसतो आणि अंगाभोवती लाखेचा थर तयार करतो. पुढचे पीक घ्यायचे तर जिवंत किड्यांसकट फांद्या कापून दुसऱ्या झाडावर बांधाव्या लागतात. या बियाण्याच्या लाखेला तिकडे बीहन म्हणतात. सगळी गोम ‘कधी कापायचे’ यात आहे. लवकर कापले तर पिल्ले तयार नसतात, उशीर झाला तर ती जुन्याच फांदीवर बाहेर पडून वाया जातात. थरावर पिवळसर ठिपका दिसू लागला की वेळ आली, असे तो म्हणाला. उन्हाळी सुट्टीत त्याच्या घरच्या पळसांवरची बीहन कधी काढायची हे सलग दोन वर्षे त्याने सांगितले आहे आणि त्याच्या वडिलांनी ते ऐकले आहे. मी विचारले, दोन झाडांवर ठिपका वेगवेगळ्या दिवशी आला तर? त्यावर तो पाऊण तास बोलला. उन्हाची बाजू, झाडाची छाटणी गेल्या वर्षी कधी झाली, मुंग्या आहेत की नाहीत. हे मी ‘शोधक’ खाली लिहिले. फॉर्ममध्ये शोधक प्रकाराचे प्रश्न प्रयोगशाळा, सूक्ष्मदर्शक आणि दुर्बीण यांबद्दल होते.

मग हाट, म्हणजे आठवडी बाजार. त्याची आई वाळवलेला मोह आणि चारोळी विकते. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये गळतात, तेव्हा गावातल्या सगळ्यांकडेच मोह असतो आणि भाव पडलेला असतो. व्यापारी तेव्हा घेऊन साठवतात आणि पुढे जास्त भावाने विकतात. मित्राने सातवीच्या सुट्टीत एका जुन्या वहीत दोन हाटांचे भाव लिहायला सुरुवात केली. पैला हे तिकडचे माप. पैल्याचे भाव, तारीख, कोणता हाट, इतकेच. आता घरचा निम्मा मोह थोडा थांबून विकतात. हे कुठे लिहायचे यावर आमचा वाद झाला. वही म्हणून व्यवस्थाप्रिय, की धंद्याची खुबी म्हणून उद्यमी? मॅडम म्हणाल्या, दोन्हीकडे लिहा, षटकोनात ते शेजारीच आहेत. ज्या मुलाने ‘हिशेबाची वही ठेवणे’ यावर नाही अशी खूण केली होती त्याच्याकडे तीन वर्षांची वही होती.

बाकीचे थोडक्यात सांगतो. नांगर, कौले, विहिरीवरचे पंप हे कृतिशील. सरहुलच्या सणाला अखड्यात, म्हणजे गावाच्या नाचाच्या मैदानात, तो मांदर वाजवतो, हे कलाप्रिय. मुंबईच्या मुलाने गिटार वाजवली तर तो छंद म्हणून फॉर्मवर येतो आणि मांदर मात्र ‘सण’ म्हणून सुटून जातो. ‘समाजशील’ खाली त्याने काहीच सांगितले नाही, पण ते मला माहीत होते. तो घरी फोन करतो तेव्हा सादरी आणि कुड़ुख अशा दोन भाषांत भराभर बोलतो, हसतो, धाकट्या भावंडांची भांडणे फोनवरच मिटवतो.

इथे मला स्वतःची एक चूक कबूल करायची आहे. हाउसच्या वादविवाद संघासाठी नावे मागवली तेव्हा मी त्याचे नाव सुचवले नाही, कारण ‘तो शांत आहे’. स्वभावाचे अंतर्मुख आणि बहिर्मुख असे प्रकार कार्ल युंग यांनी 1921 च्या पुस्तकात मांडले आणि ते शब्द आता आपण सर्रास वापरतो. पण जो मुलगा तिसऱ्या किंवा चौथ्या भाषेत वर्गात बसला आहे त्याचे गप्प राहणे स्वभावातून येते की भाषेतून, हे वर्गात बसून कळत नाही. मी मराठी मुलगा आहे, मराठी प्रांताबाहेरच्या शाळेत शिकतो. सहावीत पहिले सहा महिने मीही ‘शांत’ होतो. हे मला आठवायला हवे होते.

आता दुसरी बाजू. आवड विचारण्याआधीच मुलाच्या मनातली यादी कापली गेलेली असते. लिंडा गॉटफ्रेडसन यांनी 1981 मध्ये मांडलेला सिद्धांत हेच सांगतो. त्यांच्या मते लहान मूल आधी ‘हे मोठ्यांचे काम’, मग ‘हे मुलांचे, हे मुलींचे’ आणि नऊ ते तेरा वर्षांच्या सुमारास ‘हे आपल्यासारख्यांचे, हे आपल्यासारख्यांचे नाही’ असे ठरवून एकेक व्यवसाय मनातून काढून टाकते. स्वतःच्या खऱ्या आवडीचा विचार चौदाव्या वर्षापासून सुरू होतो, तोपर्यंत यादी छोटी झालेली असते आणि कापलेली नावे सहसा परत येत नाहीत. मित्राला विचारले की शाळेत येण्यापूर्वी त्याला कोणकोणत्या नोकऱ्या माहीत होत्या. फौजी, पोलीस, मास्टर, नर्स, फॉरेस्ट गार्ड, बीडीओ. सहा. मी माझी यादी केली तर वीस झाली. आमच्या आवडीत इतका फरक नसेल, आम्ही पाहिलेल्या माणसांत आहे.

यादी बाहेरचे लोकही कापतात. गुमला म्हटले की सगळे मित्राला दोनच गोष्टी सांगतात, हॉकी खेळ नाहीतर फौजेत जा. फौजेचा त्याला अभिमान आहेच. 1971 च्या युद्धात गंगासागर येथे लढताना हुतात्मा झालेले परमवीर चक्र विजेते लान्सनायक अल्बर्ट एक्का त्याच्याच जिल्ह्याचे. पण त्याचे म्हणणे असे की फौजेचे नाव लोक त्याचा चेहरा बघून घेतात, त्याच्याशी बोलून नाही. 2011 च्या जनगणनेनुसार देशात अनुसूचित जमातींचे 10 कोटी 43 लाख लोक आहेत, म्हणजे 8.6 टक्के, आणि अधिसूचित जमाती 700 हून अधिक. त्या सर्वांचा मिळून एक ‘आदिवासी स्वभाव’ असेल असे मानणे म्हणजे सगळ्या कॅडेट्सचा बुटाचा नंबर एक मानण्यासारखे आहे.

त्याच भागातली माणसे बघा. जयपाल सिंह मुंडा 1928 च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाचे कर्णधार होते. हे सर्वांना ठाऊक असते. तेच ऑक्सफर्डला शिकले, आयसीएसमध्ये निवडले जाऊन ती सोडली, आफ्रिकेत अचिमोटाच्या महाविद्यालयात शिकवले आणि पुढे संविधान सभेत आदिवासींच्या वतीने बोलले. त्यांचा तीन अक्षरी संकेत काय काढणार? किंवा डॉ. नारायण उराँव. पेशाने वैद्यकीय डॉक्टर, पण माझ्या मित्राची मातृभाषा कुड़ुख लिहिण्यासाठी त्यांनी तोलोंग सिकी ही लिपी तयार केली. मॅडमनी हे सांगेपर्यंत मित्राला वाटत होते की लिपी ही कोणी ‘करण्याची’ गोष्ट नसते. आमच्या नोकऱ्यांच्या दोन्ही याद्यांत ‘लिपी करणारा’ नव्हता.

महाराष्ट्रातही हा प्रश्न आहेच. राज्य मंडळाने 2016 पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेतली. तिच्यात सात क्षेत्रे होती आणि आपल्याला आनंद वाटेल असे एक क्षेत्र होते गणवेशधारी सेवा. चाचणी चांगल्या हेतूची होती. पण अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना ती लहानपणी मिळाली असती तर? त्या महादेव कोळी समाजातल्या, शाळेत गेल्या नाहीत. गावरान बियाणे ओळखणे, वेगळे करणे, राखेत जपणे, कोणते कुठे उगवते हे लक्षात ठेवणे, हे करत त्यांनी बियाण्यांची बँक उभी केली आणि 2020 च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव आले. निरीक्षण, वर्गीकरण, पडताळणी. शोधक प्रकाराची व्याख्या लिहायला घेतली तर हेच शब्द येतात.

आणि एक उदाहरण मला विशेष आवडते. ‘मिशन शौर्य’ मोहिमेत चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधले दहा आदिवासी विद्यार्थी निवडून त्यांना गिर्यारोहणाचे प्रशिक्षण दिले गेले आणि मे 2018 मध्ये त्यांतले पाच जण एव्हरेस्टच्या शिखरावर पोचले. चंद्रपूर हा देशातल्या सर्वांत उष्ण जिल्ह्यांपैकी एक. त्याआधी त्या मुलांना कोणी फॉर्म देऊन ‘बर्फाच्या डोंगरावर चढायला आवडेल का’ असे विचारले असते तर काय उत्तर आले असते? आधी दोर हातात मिळाला, आवड मागून आली.

याचा अर्थ चाचणी फेकून द्यावी असा मी काढत नाही. माझा उंच खांब बरोबर होता. सहा मथळे नसते तर आमचे ते दोन रविवार नुसत्या गप्पांत गेले असते. मथळ्यांमुळेच मी ‘आणि या खाली काय?’ असे विचारत राहिलो. पण हॉलंड यांचा षटकोन अमेरिकेत जितका नीट बसतो तितका इतर देशांत बसत नाही, असे जेम्स राउंड्स आणि टेरेन्स ट्रेसी यांनी 1996 मध्ये निरनिराळ्या देशांचे आकडे एकत्र तपासून दाखवले आहे. म्हणून प्रश्न इथले हवेत आणि ते तोंडी, मुलाच्या भाषेत विचारलेले हवेत. एसएसबीची तयारी करून घेणारे आमचे सर सांगतात की मानसशास्त्राच्या चाचणीत प्रत्येक शब्दाला पंधरा सेकंद मिळतात, साठ शब्द असतात आणि पाठ केलेली वाक्ये लगेच ओळखू येतात. ज्याच्याजवळ स्वतःच्या आयुष्यातली वाक्ये आहेत तो तिथे अडत नाही. हाटाच्या वहीबद्दल ज्याला कधी कोणी विचारलेलेच नाही, त्याला ती सांगण्यासारखी गोष्ट आहे हे कसे कळणार?

मित्राचा दुसरा आलेख आता सपाट नाही. शोधक आणि व्यवस्थाप्रिय वर आले, त्यामागे थोडा उद्यमी. त्याला अकरावीला गणित ठेवून पुढे संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्र शिकायचे आहे. घरून सांगणे आहे की एनडीएच द्यायची. गणित दोन्हीकडे लागते, तेवढ्यावर सध्या तह झाला आहे.

त्याची धाकटी बहीण एकलव्य निवासी शाळेत आठवीत आहे. या शाळा आदिवासी विद्यार्थ्यांसाठी 1997-98 मध्ये सुरू झाल्या. सहावी ते बारावीचे वर्ग आणि एका शाळेत 480 मुलामुलींची सोय. तिथेही कधीतरी असा कागद येईल म्हणून त्याने प्रेपच्या वेळात तिच्यासाठी स्वतःचे प्रश्न तयार केले आणि सादरीत लिहून पाठवले. मी इथे मराठीत देतो. आश्रमशाळेतल्या किंवा कुठल्याही शाळेतल्या आपल्या भावंडांना विचारून पाहता येतील:

हाटात तुला कोणत्या कामाला बसवतात, विकायला, मोजायला की माल सांभाळायला? त्यातले कोणते तू मागून घेतेस?

घरात काही बिघडले तर लोक कोणाला हाक मारतात? तुला कशासाठी मारतात?

जंगलात गेल्यावर तुला असे काय दिसते जे बरोबरच्या मुलींना दिसत नाही?

दोन मैत्रिणींचे भांडण झाले तर तू काय करतेस?

कोणते काम करताना जेवायची वेळ झालेली कळत नाही?

गावात कोणीच करत नाही पण करायला हवे असे कोणते काम आहे?

शेवटच्या प्रश्नाचे तिचे उत्तर मागच्या आठवड्यात आले. ते त्याने मला अजून दाखवलेले नाही, पण पत्र ट्रंकेत न टाकता उशीखाली ठेवले आहे.